नऊ नंबरचं ताट

"जेवणाऱ्याचे घास मोजू नयेत गं पोरी. मोजलेलं अन्न अंगी लागत नाही."

आईला जाऊन दोन वर्षं झाली, तरी थोरलीच्या कानात हा आवाज जसाच्या तसा होता. आई नेमधर्माची बाई. पहाटे दिवा लावायचा, दिव्यापुढे बसून हळू आवाजात म्हणायचं ते म्हणायचं, आणि पहिला घास तोंडात घालण्याआधी दारात उभं राहून विचारायचं, "कोणी जेवायचं राहिलंय का?" घरातले सगळे जेवून आडवे झाले असले तरी विचारायचं. बाबा थट्टा करायचे, "अगं, कोणी खरंच हो म्हणालं तर काय वाढशील? माझं डोकं?" आई शांतपणे म्हणायची, "ते तर मी रोजच खाते." आईमागे हा नेम थोरलीने उचलला होता. दिवा एखादे दिवशी राहून जाई, पण दारातला प्रश्न राहत नसे.

आणि अशा आईची ही लेक शिकायला गेली ती नेमकी घास मोजण्याची विद्या.

पोषण आणि आहारशास्त्राच्या ऑनर्स पदवीचं तिचं हे चौथं, शेवटचं वर्ष होतं. पहिल्या वर्षी वर्गात पाऊल टाकलं त्या दिवशीच मोठ्या बाईंनी एक खेळ खेळला होता. मोठ्या बाई म्हणजे रुग्णालयाच्या आहार विभागाच्या प्रमुख. आठवड्यातून दोनदा कॉलेजात शिकवायला येत. त्यांनी सगळ्या मुलींना कागद वाटले आणि म्हणाल्या, "आज सकाळपासून काय काय खाल्लंत ते लिहा." मुलींनी लिहिलं. कोणी दूध, कोणी कोशिंबीर, फळं तर सगळ्यांनीच. बाईंनी कागद वाचले, मग कोपऱ्यातली केराची टोपली उचलून टेबलावर पालथी केली. चॉकलेटचे कागद, बिस्किटांचे पुडे, वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या.

"अठ्ठावीस मुलींनी फळं खाल्ली," बाई म्हणाल्या, "आणि टोपलीत एक साल नाही. लक्षात ठेवा, माणूस खोटं बोलतो. ताट खोटं बोलत नाही."

हे वाक्य थोरलीला गुरुमंत्रासारखं चिकटलं. चार वर्षांत तिची नजरच बदलली. पाहुण्याने "पोट भरलं" म्हटलं की ती त्याच्या ताटाच्या कडेला सारलेली भाजी बघे. बाबांचा चहाचा कप धुताना तळाशी साखर दिसली की तिच्या कपाळावर आठी येई. धाकटी बहीण एकदा म्हणाली, "ताई, पूर्वी तू माझ्या तोंडाकडे बघून बोलायचीस. आता ताटाकडे बघून बोलतेस. मी ताटाला उत्तर द्यायला सांगू का?"

"डब्यातली बिस्किटं कोणी संपवली ते ताटाला विचारते मी," थोरली म्हणाली. त्यावर धाकटीने घाईने ओठांवरचा चुरा पुसला, म्हणजे नेम बरोबर लागला होता.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही तिने असाच निवडला. रुग्णालयातल्या सर्जरीच्या वॉर्डात तीस खाटा. रोग्यांना जे अन्न मिळतं त्यातलं ते खरोखर खातात किती, हे शोधायचं. पद्धत सरळ. तळघरातल्या स्वयंपाकघरातून ताट वर जाताना काट्यावर ठेवायचं, उष्टं ताट खाली आलं की पुन्हा काट्यावर ठेवायचं. वर गेलं त्यातून खाली आलेलं वजा केलं की उरलं ते पोटात. अंड्याची टरफलं, हाडं, कागद हे पोटात जायचं नाही, म्हणून ते आधी बाजूला काढून वेगळं तोलायचं आणि "अखाद्य" नावाच्या रकान्यात लिहून केरात टाकायचं. पहिल्या दिवशी तिचा उत्साह एवढा दांडगा, की चुरगळलेले कागदी रुमालसुद्धा तिने एकेक करून तोलले. आचारी हात जोडून म्हणाला, "वजनबाई, आता वाफ तेवढी राहिली बघा." तेव्हापासून स्वयंपाकघरात तिचं नाव वजनबाईच पडलं.

तीस ताटांपैकी एकोणतीस ताटं माणसांसारखी वागत. कोणी पाव टाकी, कोणी कडधान्यं चिवडून ठेवी, कोणी नुसतं दूध पिई. नऊ नंबरचं ताट तेवढं रोज चाटूनपुसून खाली येई.

नऊ नंबरवर शिंपीकाका होते. आयुष्यभर कपडे शिवलेले, सत्तरीपुढचे. पडून खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, आणि जखम भरेना म्हणून महिनाभर तिथेच. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून मोठ्या बाईंनी त्यांच्या ताटात दोन उकडलेली अंडी आणि कडधान्यं जास्तीची लिहून दिलेली. प्रकल्प सुरू होण्याच्या सकाळी थोरलीनेच त्यांचा अर्ज भरला होता. गिळायला त्रास? नाही. चावायला त्रास? नाही. काका छान हसले होते तेव्हा, आणि तिच्या ओढणीची कड बघून म्हणाले होते, "बाळ, ही टीप कच्ची आहे. उसवेल."

आचारी तर नऊ नंबरचं ताट सगळ्यांना दाखवत फिरे. "बघा, खाणारा असावा तर असा. बाकीच्यांना चव कळते कुठे?"

पण काकांचं वजन काही वेगळंच सांगत होतं. पहिल्या सोमवारी एक्कावन्न किलो, दुसऱ्या सोमवारी साडेपन्नासच्या खाली, तिसऱ्या सोमवारी एकोणपन्नासला टेकलं. ताट म्हणतं, माणूस खातोय. काटा म्हणतो, माणूस झिजतोय. दोघांपैकी एक कोणीतरी खोटं बोलत होतं.

थोरलीने नऊ नंबरची जुनी पानं उलटून पाहिली, आणि तिला दिसायला हवं ते दिसलं. गेले दोन आठवडे "अखाद्य" रकान्यात शून्य. अंडी सालासकट वर जात. काकांनी अंडी खाल्ली असती, तर टरफलं खाली आली असती. माणूस अंडं खाईल, टरफल थोडंच खाणार?

वॉर्डातली ताटं वर नेणारी आणि खाली आणणारी एकच बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत. पन्नाशीची, काटक, पायात झिजलेल्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. ट्रॉली ढकलताना ती तोंडाने काहीतरी पुटपुटे. देवाचं नाव की शिव्या, हे कोणाला कळत नसे.

"मावशी, नऊ नंबरची टरफलं कुठे जातात?" थोरलीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

मावशीचा हात ट्रॉलीच्या दांड्यावर क्षणभर थांबला. "वरच्या डब्यात टाकते."

"सगळ्यांची खाली आणता, आणि त्यांचीच वर टाकता?"

"आता टरफलांचाही हिशेब का, वजनबाई? एक दिवस मलाच बसवा काट्यावर. चपलांसकट बसवा, नाहीतर तेवढंच कमी भरायचं."

ती हसत गेली, पण डोळे हसत नव्हते. थोरली जिन्याने वर गेली आणि वॉर्डातला केराचा डबा उघडून बघितला. कापूस होता, औषधांची पाकिटं होती. टरफल एकही नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. संशय घेणाऱ्याच्या मनात तर चांदणंही नसतं, तिथे नुसता अंधार चाचपडत असतो. आता थोरलीला मावशीचं प्रत्येक वागणं वाकडं दिसू लागलं. ती नऊ नंबरचं ताट सगळ्यांत शेवटी का नेते? तिथलाच पडदा का ओढून घेते? सकाळी येताना खांद्यावरची पिशवी जड, संध्याकाळी जातानाही जड, हे कसं? आणि काका तरी हल्ली बोलताना तोंडावर हात का धरतात? विचारलं की नुसती मान हलवतात, नजर वळवतात. मावशीने दटावून ठेवलंय की काय म्हाताऱ्याला?

मंगळवारी तिने दोन्ही अंड्यांच्या टोकाला पेन्सिलीने बारीक ठिपका दिला आणि ताट वर पाठवलं. तासाभराने ताट आलं, लख्ख. मावशी ट्रॉली लावून हात धुवायला मोरीकडे गेली. पिशवी खुंटीला होती. थोरलीने आजवर दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. पिशवीत झाकणाचा डबा, डब्यात पाव, कडधान्यं आणि वर दोन अंडी. टोकाला ठिपका.

खरं सांगायचं तर तिला थोडा आनंदही झाला. गणित सुटल्यावर होतो तसा.

ती तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"आजाऱ्याच्या तोंडचा घास," त्या म्हणाल्या. "मावशी कंत्राटावर आहे. तिचा सहा महिन्यांचा कागद शनिवारी संपतोय. नवा कागद माझ्या सहीने होतो. तुझा तक्ता शुक्रवारी माझ्याकडे दे. त्यात हे आलं की मी सही करणार नाही, आणि ती बाई पुन्हा कुठल्याच रुग्णालयात दिसणार नाही."

"हो बाई."

"पण एक रकाना रिकामा दिसतोय. रोगी जेवत असताना तू जवळ बसून पाहिलंस का? एकदा तरी?"

थोरलीने नकारार्थी मान हलवली.

"वीस दिवस ताटं तोललीस आणि जेवणारा एकही पाहिला नाहीस? परीक्षक पहिलं हेच विचारतील. नऊ नंबरचंच बघ. न सांगता जा."

त्या रात्री जेवताना थोरलीने दारातला प्रश्न विचारला खरा, पण उत्तराला थांबली नाही. डोक्यात ठिपके फिरत होते.

गुरुवारी दुपारी ताटं तोलायचं काम तिने मैत्रिणीवर सोपवलं आणि ट्रॉलीच्या आधी वर गेली. दहा नंबरच्या रोग्याला तपासणीला नेलं होतं, खाट रिकामी होती. तिथल्या पडद्याआड स्टुलावर बसली. पडद्याच्या फटीतून नऊ नंबरची उशी दिसत होती, आणि उशीवरचा काकांचा चेहरा. तीन आठवड्यांत गाल किती आत गेलेत, हे तिला आत्ता दिसलं. काट्यावर दोन किलो दिसले होते, गाल दिसले नव्हते.

ट्रॉलीची चाकं वाजली. एकेक खाट करत मावशी शेवटी नऊ नंबरला आली आणि पडदा ओढला. ताट तिने बाजूच्या कपाटावर ठेवलं, त्याच्याकडे बघितलंही नाही. पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. डब्यात गाळून घेतलेली पातळ पेज होती, चमच्यावरून पाण्यासारखी ओघळणारी. मावशीने काकांच्या मानेखाली हात घातला, उशी उंच केली आणि चमचा तोंडाशी नेला.

"आ करा."

"तू घाई कर," काका बोबड्या, हवा निसटणाऱ्या आवाजात म्हणाले. "ती वजनबाई येईल."

"ती कशाला वर येतेय? तिचा जीव काट्यात."

एकेक चमचा करत डबा रिकामा झाला. मावशीने काकांची हनुवटी पुसली, डबा आणि चमचा धुऊन आणला, मग ताटातलं एकेक डब्यात भरू लागली. पाव, कडधान्यं, अंडी. शेवटी ताट बोटाने निपटून घेतलं. लख्ख.

थोरलीने पडदा सारला.

मावशीच्या हातातून डबा सुटला नाही, एवढंच. रंग उतरला. काकांनी दोन्ही हात तोंडावर धरले.

"काका," थोरली म्हणाली, "हात काढा."

त्यांनी मान हलवली. मग काय वाटलं कोण जाणे, हात हळूच खाली आले. खालची हिरडी पूर्ण मोकळी होती. ओठ आत वळला होता.

"कवळी कुठे आहे?"

उत्तर मावशीने दिलं. "गेली. तुमची वजनं सुरू झाली ना, त्याच दिवशी. हिरडी दुखत होती म्हणून जेवताना काढली यांनी, कागदी रुमालात गुंडाळून ताटात ठेवली. त्यांना जरा डोळा लागला. मी ताट उचललं. मला काय ठाऊक रुमालात दात आहेत ते? संध्याकाळी यांनी विचारलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. खाली पळत गेले, तोवर केराची गाडी गेली होती."

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"कोणाला सांगू? रोग्याची वस्तू हरवली की पहिली मीच. कंत्राटवाली बाई, चौकशी कोण करतो?"

"तिला बोलू नको, बाळ," काका म्हणाले. "मीच शपथ घातली. चावता येत नाही म्हटलं, की नाकात नळी घालतात. माझ्या बायकोला घातली होती. अकरा दिवस नळी होती. बाराव्या दिवशी…" त्यांनी वाक्य तिथेच ठेवलं. "नळी नको."

"पेज मी घरून करून आणते," मावशी म्हणाली. "माझ्या हातून दात गेले, तर निदान उपाशी तरी राहू नयेत. आणि ताटातलं घरी नेते, हे खरं. टाकवत नाही मला. घरी नातू आहे, तो खातो. चोरी म्हणायची तर म्हणा."

थोरली खाटेच्या कडेला टेकली. मावशीच्या पेजेत पीठ होतं, मीठ होतं, माया होती. प्रथिनं नव्हती. दोन वेळा एवढ्या मायेने भरवूनही माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि हे मावशीला कळायचं काही कारण नव्हतं. ज्या मुलीला कळलं असतं, ती तळघरात ठिपके काढत बसली होती.

पण थोरलीच्या मनात भलतंच एक पान फडफडत होतं. पहिला दिवस. चुरगळलेले रुमाल. काहीतरी आकडा.

ती खाली धावली. वही उघडली, पहिल्या दिवसाचं पान काढलं. नऊ नंबर, दुपार. अखाद्य: अठरा ग्रॅम. पुढे तिच्याच नेटक्या अक्षरात शेरा: "कागदी रुमाल, काढून टाकला."

कोरा रुमाल घेऊन तिने काट्यावर ठेवला. दोन ग्रॅम.

ओल्या रुमालाचं वजन थोडं वाढतं, हे खरं. पण दोनाचे अठरा होत नाहीत. पाहुण्याच्या शब्दावर, बापाच्या कपावर, बहिणीच्या डब्यावर, मावशीच्या पिशवीवर, सगळ्यांवर तिने संशय घेतला होता. या अठरा ग्रॅमांवर तेवढा घेतला नव्हता. मावशीने ताट उचललं होतं, पण काकांचे दात केरात टाकले होते थोरलीने. तोलून, लिहून, सहीनिशी.

ती पुन्हा वर गेली आणि दोघांसमोर उभी राहून हे सांगितलं. मावशीने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "वीस दिवस मला झोप नाही, वजनबाई."

"माझी चूक आहे, मावशी. तुमच्या पिशवीलाही मी हात लावला होता."

"तेही कळलं होतं. झाकण उलटं लावलं होतंत तुम्ही."

काका खालच्या ओठावरून जीभ फिरवत होते. "आता नळी?"

"नळीचं डॉक्टर ठरवतील, काका. ते वचन माझ्या हातात नाही, खोटं देणार नाही. पण एक देते. उद्या सकाळपासून तुमचं जेवण मी स्वतः वाटून, गाळून आणीन आणि इथे बसून भरवीन. दोन्ही वेळा, नवी कवळी होईपर्यंत. एक वेळ चुकणार नाही."

"रोज?"

"माझ्या घरात नेम मोडत नाहीत," ती म्हणाली.

शुक्रवारची वाट न बघता थोरलीने त्याच संध्याकाळी तक्ता नेऊन दिला. मोठ्या बाईंनी तो वाचला आणि भुवया चढवल्या. "मावशीने सांगितलं, आणि तू मानलंस? चोराची साक्ष चोरच देतोय."

"मावशीचं मानू नका, बाई. माझं पान बघा."

बाईंनी पान बघितलं. खणातून कागदी रुमाल काढला, टेबलावरच्या छोट्या काट्यावर ठेवला. आकडा बघितला. पुन्हा पान बघितलं.

"दंतवैद्याला फोन करून विचारते खालची कवळी किती भरते ते," त्या म्हणाल्या, आणि खरंच फोन केला. "पंधरा-सोळाच्या आसपास," फोन ठेवत म्हणाल्या. मग वहीचं पान तिच्याकडे परत सरकवलं.

"हे असं लिहिलंस तर तुझा प्रकल्प राहत नाही, कळतंय ना? एक ताट खोटं निघालं की बाकीच्या एकोणतीसांवर कोण विश्वास ठेवील? पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. एक सत्र पुढे जाईल. बरोबरच्या मुली पदवी घेऊन जातील आणि तू इथे रुमाल तोलत बसशील."

"हो बाई."

"आणि मावशीने अन्न घरी नेलं, तेही लिहिलंयस."

"नेलंय, म्हणून लिहिलंय. पेज आणली, तेही लिहिलंय."

बाईंनी चष्मा काढला. "मी संशय घेते तो मला पगार मिळतो म्हणून. तू फुकट घेत होतीस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "डॉक्टरांशी मी बोलते. पण ते सोमवारपलीकडे थांबणार नाहीत. जखम उघडी आहे. सोमवारी वजन निदान तिथेच थांबलेलं दिसलं, तर नळी टळेल. मावशीचा कागदही मी सोमवारपर्यंत अडवून धरते. अन्न नेल्याचं कागदावर आलं, आता नुसती माझी सही पुरणार नाही; रोगी सावरला, तर वरिष्ठांकडे तिच्यासाठी शब्द टाकता येईल. खालावला, तर माझ्या शब्दाला कोण विचारतो?"

"म्हणजे सगळं सोमवारच्या काट्यावर."

"तुझा आवडता काटा," बाई म्हणाल्या, आणि तक्त्यावर सही न करताच तो खणात ठेवला.

शुक्रवारी पहाटे थोरलीने दिवा लावला. दिव्यापुढे बसून आईचं म्हणणं हळू आवाजात म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांत बारीक जाळीची गाळणी काढली, एक छोटा, कडा गुळगुळीत असलेला चमचा काढला. लहानपणी धाकटीला भरवायचा तोच.

धाकटी डोळे चोळत आली. "ताई, माझा चमचा कुठे नेतेस? आता चमच्यावरपण संशय?"

"एका काकांना हवाय."

"परत आणशील?"

"त्यांना दात आले की."

धाकटीला काही कळलं नाही. ती पुन्हा पांघरुणात शिरली. ओट्यावर थोरलीची न्याहारी झाकलेली होती. झाकण काढलं, आणि सवयीने दारात जाऊन उभी राहिली.

"कोणी जेवायचं राहिलंय का?"

"नाही गं," धाकटी आतून झोपेत म्हणाली. बाबांचं घोरणं तसंच चालू होतं. बाहेर रस्ता नुकता उजाडत होता, समोरच्या दुकानाची फळी अजून लावलेली होती.

थोरली तशीच उभी राहिली, या खेपेला उत्तराला थांबल्यासारखी. मग आत येऊन न्याहारीवर झाकण ठेवलं, गाळणी आणि चमचा पिशवीत घातला, ओढणीची उसवलेली कड आत दुमडली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि रुग्णालयाच्या रस्त्याला लागली.